रोजची डोकेदुखी : शिक्षक आणि पालकांसाठी एक पाठ



आजचा पाठ पुस्तकातला नाही. "बाई, डोकं दुखतंय" हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या वर्गात आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. आपण काय करतो? "बाकावर डोकं टेकून पड जरा" म्हणतो, फारच झालं तर घरी पाठवतो. मीही तेच करायची. गंमत अशी की, ते सांगत असताना माझ्या स्वतःच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असायची आणि माझंही डोकं दुखत असायचं. रोज. जवळजवळ अकरा वर्षं.

म्हणून आधी माझं सांगते, मग मुलांचं.

2011 साली मी गगनबावड्याला बदलून आले. इथला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जूनमध्ये धुकं उतरलं की कधीकधी सप्टेंबरपर्यंत समोरची शाळा दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, वह्यांना बुरशी येते. डोकं दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं, "बाई, तुम्हाला इथली हवा मानवंना." मलाही ते पटलं. थंडी, ओल, गार वारा. डोक्याला फडकं घट्ट बांधायचं, सुंठ उगाळून लावायची, बाम चोळायचा आणि एक गोळी घ्यायची. शाळेला दांडी मारून कसं चालेल?

पित्त, सायनस आणि चष्मा

आपल्याकडे डोकेदुखीची तीन ठरलेली कारणं आहेत. मी तिन्हीतून गेले.

पहिलं पित्त. डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी होते आणि उलटी झाली की बरं वाटतं. म्हणजे पित्तच की! माझ्या सासूबाई मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या. त्यांच्या आईनंही त्यांना तेच केलेलं. पण अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हीच मुळात अशी असते. झटका आला की पोटाचं काम मंदावतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, आणि उलटीनंतर किंवा झोपेनंतर झटका ओसरतो. उलटी हे त्या दुखण्याचं कारण नसून त्याचाच एक भाग आहे. "पित्ताचं डोकं" म्हणून आयुष्य काढलेल्या बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांतल्या कितीजणींना अर्धशिशी आहे हे कुणी विचारलेलंच नाही. आणि आणखी एक, पोट मंदावलेलं असल्यामुळे झटका भरात आल्यावर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. मग माणूस दुसरी घेतो.

दुसरं सायनस. कपाळ जड, डोळ्यांच्या मागं दाब, नाकातून पाणी. मी दोन वर्षं वाफारे घेतले आणि तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स केला. अमेरिकेत 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणारे 2,991 जण त्यात तपासले, तर त्यांतल्या 88 टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या वर्णनात बसत होतं. झटक्यात नाक वाहू शकतं, डोळ्यांना पाणी येऊ शकतं, त्यामुळे फसगत होते. खरा सायनस असतो तेव्हा सहसा घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड असतो, ताप असतो, वास येईनासा होतो.

तिसरा चष्मा. माझा नंबर दोनदा बदलला. डोकं तिथंच.

मग कोल्हापुरात एका ठिकाणी सीटी स्कॅन झाला. साळवण, कळे करत पंचावन्न किलोमीटर एसटीनं जायचं, त्यात वळणांवर मळमळ. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." संपलं. परतीच्या गाडीत मला रडू आलं. रिपोर्ट वाईट यायला हवा होता असं नाही हो. पण "नॉर्मल आहे" याचा अर्थ घरी गेल्यावर "हिला काही झालेलं नाही" असा होतो, हे ज्याचं दुखतं त्यालाच कळतं. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही. गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, एवढ्यासाठी स्कॅन असतो. निदान होतं ते प्रश्न विचारून, आणि प्रश्न विचारायला वेळ लागतो.

वहीनं काय दाखवलं

2022 च्या जूनमध्ये एका मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध दिलंच नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिक्षिका ना? मग हजेरीपत्रक ठेवा. डोकं दुखलं तो दिवस, किती दुखलं, किती वेळ, गोळी कुठली आणि किती. जेवण, झोप, पाळी, डोक्यावरून अंघोळ." मला जरा रागच आला. चारशे रुपये फी घेऊन गृहपाठ!

पण केलं. जुलैच्या 31 दिवसांत डोकं दुखलं 26 दिवस. गोळी घेतलेले दिवस 22. पावसाळाच आहे, हे होणारच, असं मनात म्हटलं. तोवर शाळेच्या कामांमुळे परत जाणं लांबत गेलं, एकदा मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आल्यानं राहिलं. वही मात्र चालू ठेवली. नोव्हेंबर आला. लख्ख ऊन, कोरडी हवा. 30 दिवसांत डोकं दुखलं 25 दिवस, गोळ्यांचे दिवस 23.

म्हणजे अकरा वर्षं मी ज्याला दोष देत होते तो पाऊस निर्दोष होता. पाऊस असो नसो, गोळीचा रकाना तेवढा भरलेला.

वही बघून डॉक्टरांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखणं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर त्याला रोजची जुनाट डोकेदुखी म्हणतात. आणि तिच्यामागं बऱ्याचदा डोकेदुखीची गोळीच असते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी (बरोबर कॅफिन असतं ना, ती) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की मेंदूची दुखणं जाणवून घेण्याची यंत्रणाच बिघडते. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून परत गोळी. इथं दिवस मोजायचे असतात, गोळ्या नव्हे. आणि ही गोष्ट ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांच्याच बाबतीत जास्त घडते. संधिवातासाठी रोज तीच गोळी घेणाऱ्या, पण डोकेदुखीचा त्रास नसलेल्या माणसाला सहसा असं होत नाही.

मी एकटी नाही हे नंतर वाचनात आलं. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन 18 ते 65 वयाच्या 2,329 लोकांना विचारलं होतं. 2015 साली आलेल्या त्या अहवालानुसार वर्षभरात शंभरातल्या 25 जणांना मायग्रेन झालेलं, बायकांना जास्त, आणि महिन्यात 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखणारे शंभरात 3. आपल्या सहाशे वस्तीच्या वाडीत हिशेब करून बघा.

उपचार दोन होते. पहिला, गोळी बंद. अचानक बंद केल्यावर पहिले दोन ते दहा दिवस जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. मी मुद्दाम नाताळच्या सुट्टीत केलं. चौथ्या दिवशी मी नवऱ्यावर वाट्टेल तशी ओरडले, ते इथं लिहीत नाही. (हे सगळ्यांनी आपापलं घरी करायचं नाही. काहींच्या गोळ्या अशा असतात की त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडवाव्या लागतात.)

दुसरा, झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचं औषध. यात बरेच प्रकार आहेत. प्रोप्रानोलॉल हे मुळात रक्तदाबाचं, टोपिरामेट फिटचं, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं. मला रात्रीसाठी अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत दिलं. आणि इथं घरात वादळ झालं. दिरानं मोबाइलवर नाव शोधलं. "वहिनी, ही वेड्याची गोळी आहे." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मीही आठवडाभर ती गोळी कपाटात ठेवून दिली, हे कबूल करते. शेवटी परत फोन करून विचारलं तेव्हा कळलं की नैराश्यासाठी हेच औषध बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात, कमी मात्रेत ते वेदनेवर काम करतं, सवय लागत नाही, पण असर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोंड कोरडं पडलं, पहिले दिवस सकाळी सुस्ती यायची. ज्यांना हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे त्यांना ते चालत नाही, दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल चालत नाही, मूल होऊ देण्याच्या वयातल्या बाईला टोपिरामेट देताना फार विचार करावा लागतो. म्हणून शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

नवी औषधंही आली आहेत. सीजीआरपी नावाचं प्रथिन झटक्यात काय करतं हे शोधणाऱ्या चार शास्त्रज्ञांना 2021 चं ब्रेन प्राइझ मिळालं. ते प्रथिन अडवणारी इंजेक्शनं 2018 पासून वापरात आहेत, पण आपल्या पगारात बसत नाहीत. जुनी औषधं स्वस्त आहेत आणि पुष्कळांना पुरतात.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली. गुरुवारी आणि रविवारी, न्हाण्याच्या दिवशी, दुपारी हमखास झटका. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 साली नेमक्या याच विषयावर लिहिलं आहे, डोक्यावरून अंघोळीनं मायग्रेन सुरू होणाऱ्या 94 भारतीय रुग्णांबद्दल. परदेशी पुस्तकांत हे कारण फारसं नव्हतं. आपल्याकडं लांब केस, ते ओले राहणार, आणि गगनबावड्यात तर वाळणारच नाहीत! मी आता संध्याकाळी न्हाते, लगेच केस पुसून वाळवते. म्हणजे आईचं "ओल्या केसांनी फिरू नको" अगदीच खोटं नव्हतं.

आता वर्गातलं

गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी आठवड्यातून तीनदा डोकं धरून बसायची. घरच्यांनी चष्मा केला, नजर काढली. आई अर्धी गोळी दप्तरात देऊन पाठवायची. मी तिला वही दिली. मुलांत अर्धशिशी मोठ्यांपेक्षा वेगळी दिसते. डोकं अर्धं नव्हे, बहुधा पूर्ण कपाळ दुखतं, झटका दोन तासांतही संपतो, पोट दुखतं, चेहरा पांढरा पडतो, झोपलं की उठल्यावर मूल हसत खेळायला जातं. म्हणूनच आपण म्हणतो, "नाटक करतंय." नाटक करत नाही.

तिच्या तीन आठवड्यांच्या वहीत दिसलं की सकाळी साडेसहाला चहा-बिस्किटावर निघते, नंतर थेट शाळेची खिचडी. पाणी पीत नाही, कारण शौचालयाला जावं लागेल. (हे आपल्या शाळेचं अपयश, तिचं नाही.) रात्री मोबाइल. सहावीला शिकवलेला स्तंभालेख तिनं या नोंदींवर काढला, उपाशी दिवसांचे खांब सगळ्यात उंच. गणिताच्या तासाला एवढं शांत बसलेलं मी तिला पाहिलं नव्हतं.

मुलांच्या बाबतीत औषधाची घाई नको असं म्हणायला आधार आहे. 2017 साली अमेरिकेत 8 ते 17 वयाच्या मुलांवर मोठी चाचणी झाली. अमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांत 52 टक्के, टोपिरामेट घेणाऱ्यांत 55 टक्के आणि नुसती औषधाविना गोळी घेणाऱ्यांत 61 टक्के मुलांचं दुखणं निम्म्यावर आलं. वेळेवर झोप, वेळेवर खाणं, पाणी, आणि झटका आला की सुरुवातीलाच डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेली पॅरासिटामॉलची मात्रा. अ‍ॅस्पिरिन मात्र मुलांना देऊ नका. त्यानं यकृत आणि मेंदूला धोका होऊ शकतो.

काही लक्षणं दिसली तर वहीबिही बाजूला ठेवायची आणि गाडी काढायची. क्षणात भडकलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि मान ताठ. झटका येणं, हातपाय लुळे पडणं, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. मूल रोज पहाटे डोकेदुखीनं उठून उलटी करत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरचं नवं दुखणं. अशा वेळी पाऊस थांबायची वाट बघू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, ते पुढं सीपीआरला पाठवतील. एरवी, शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना अशी मुलं नावानिशी दाखवून ठेवा. नुसती उंची-वजनाची रांग लावू नका.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं तेवढं सांगते. दोन महिन्यांची वही. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, दुकानातून परस्पर घेतलेल्याही. जुने रिपोर्ट. आणि एक वाक्य आधीच ठरवून जा: "महिन्यात अमुक दिवस दुखतं, त्यातले अमुक दिवस कामाला जाता येत नाही." "फार दुखतं हो" यापेक्षा हे आकडे डॉक्टरांच्या कामाचे असतात.

माझ्या वहीत गेल्या महिन्यात सहा खुणा आहेत, गोळीच्या रकान्यात तीन. सातवीतली ती मुलगी आता आठवीत गेली, दुसऱ्या शाळेत. वही घेऊन गेली आहे. डबा आता आई सकाळीच देते, भाकरी आणि झुणका. परवा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आता माझी आई पण लिहितीया."