तव्यावरचा सोडा

मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्या माशांच्या टाकीत धुकं पडलं. दोन मोठे चमचे सोडा कपभर पाण्यात विरघळवून मी पंपापाशी ओतला आणि मिनिटभरात दोनशे लिटरची काच दुधाळ झाली. आधी वाटलं, सोडा नीट विरघळला नसेल. पण ते पांढरं काही विरघळेना. ते हळूहळू खाली बसत गेलं. वाळूवर, दगडांवर, पंपाच्या जाळीवर पिठासारखा थर जमला. आईने जाळीवरचा थर नखाने खरवडला आणि म्हणाली, "अरे, हा तर बंबाला बसतो तो क्षार."

तिने एका वाक्यात सांगितलं ते कळायला मला तीन महिने आणि दोन जीव लागले. म्हणून हे लिहितो आहे.

फुलंब्रीहून मुंबईचा समुद्र रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासून खाऱ्या पाण्यातले मासे डोक्यात होते. टाकी घेतली तेव्हा प्रवाळही हवं होतं. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आहेत, समुद्रपंखे आहेत, समुद्रघोडेही आहेत. दुकानात विकायला ठेवलंय म्हणून ते कायदेशीर होत नाही. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर आणि दूर समुद्रातल्या आंग्रे बँकेवर जे थोडं प्रवाळ उरलंय, ते तिथेच राहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून माझ्या टाकीत सिरॅमिकचे दगड, दोन निमो, एक क्लीनर झिंगा आणि चार गोगलगायी. निमो टाकीतच पैदास झालेले घ्यावेत. समुद्रातून पकडलेले नकोत. दगडांवर हळूहळू गुलाबी शेवाळाचा कडक थर धरतो. तो पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतो, तेव्हा प्रवाळ नसलं तरी पाण्याच्या गणितातून सुटका नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगतो.

टाकीतून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, मीठ मागे राहतं. त्यामुळे पातळी खाली गेली की वर गोडं पाणी घालायचं, खारं नाही. एवढं मला माहीत होतं. पण गोडं म्हणजे कुठलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यातली हवा कोरडी. त्यात पाणी गार राहावं म्हणून मी टाकीवर पंखा लावलेला, रोज तीन लिटर तरी उडायचं. ते मी बोअरच्या नळाने भरत होतो. घरचं पिण्याचं आरओ होतं, पण एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर वाया जातात आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते जिवावर येत होतं.

पुढे मीटर लावून पाहिलं तर बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९०० निघाला. म्हणजे लिटरमागे साधारण ९०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. रोज तीन लिटर धरले तर फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत, शंभर दिवसांत, तीनशे लिटर पाणी गेलं. त्याबरोबर २७० ग्रॅम क्षार टाकीत उतरले. पाणी उडालं, ते उडाले नाहीत. काळ्या पाषाणातून मुरून आलेल्या पाण्यात चुना असतो, सिलिका असते, आसपासच्या शेतातल्या खताचं नायट्रेटही असतं. दगडांवर आधी तपकिरी साय धरली, मग केसासारखं हिरवं शेवाळ. मी दात घासायच्या ब्रशने ते काढत राहिलो. भरायचं पाणी तपासायचं मात्र सुचलं नाही.

त्यातच ताईचं लग्न निघालं. पाहुणे आले, आठ माणसं टाकीच्याच हॉलमध्ये झोपायची. खिडक्या बंद, एसी चालू. एरवी पीएच ८.१च्या आसपास असायचा. एका सकाळी ७.७ आला, दुसऱ्या दिवशीही तेवढाच. माझ्याजवळ तपासायला पीएच होता आणि खारटपणा, बाकी काही नाही. पीएच कमी म्हणजे पाण्यातला सोडा संपला, असा मी अर्थ लावला. खायचा सोडा तव्यावर भाजला की तो जास्त तीव्र होतो, धुण्याच्या सोड्यासारखा, हे कुठेतरी ऐकलं होतं. घरच्या पोळ्यांच्या तव्यावर तो भाजला आणि ओतला.

खरं म्हणजे सोड्याची कमतरता नव्हतीच. पाण्याला आम्लपणा पचवायची जी ताकद असते, तिला टाकीवाले केएच म्हणतात. समुद्राच्या पाण्यात तो ७च्या आसपास असतो. नंतर किट आणून मोजलं तर बोअरच्या पाण्याचा केएच १७ होता. सोडा घालण्याआधीच्या टाकीच्या पाण्याची बाटली सुदैवाने बाजूला पडून होती. तिचा आला १३. म्हणजे पाणी आधीच काठोकाठ भरलेलं होतं आणि मी वरून ओतत होतो. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र मावेनासे झाले की दोन्ही चुना होऊन खाली बसतात. बंबात, हंड्यात होतं तेच.

मग पीएच खाली का गेला? बंद खोलीत आठ माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठला होता आणि तो पाण्यात उतरला होता. उपाय होता खिडकी उघडण्याचा.

याची परीक्षा सोपी आहे. टाकीतलं पाणी एका ग्लासात घ्या, ग्लास अंगणात नेऊन त्यात हवेचा दगड तासभर बुडबुडू द्या आणि पुन्हा पीएच मोजा. वर चढला तर दोष खोलीच्या हवेत आहे. पाण्याला हात लावायचा नाही.

सोडा ओतला त्या रात्री एकच्या सुमारास लाइट गेली, तीनला आली. पंप काही सुरू झाला नाही. त्याच्या आतल्या पंख्याला चुन्याने घट्ट धरलं होतं. मी दुसऱ्या खोलीत झोपलेलो, मला कळलंच नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. शिवाय सोड्याने पीएच अचानक चढला होता आणि पीएच जितका वर, तितका अमोनिया जास्त विषारी. सकाळी झिंगा वाळूवर आडवा पडला होता, मिशा तेवढ्या प्रवाहात हलाव्यात तशा लांब पसरलेल्या. पण प्रवाह नव्हताच. मोठा निमो गेला होता. धाकटा वरच्या कोपऱ्यात तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होता. मी हाताने पाणी उपसून उंचावरून टाकीत सोडत बसलो, तासभर. तो वाचला.

नव्याने टाकी लावणाऱ्याला माझं पहिलं सांगणं, माशांच्या आधी किट घ्या. खारटपणा, तापमान आणि केएच या तीन गोष्टी कळल्याशिवाय पीएचच्या आकड्याला किंमत नाही. कॅल्शियम ४२०च्या जवळ, मॅग्नेशियम १३००च्या जवळ, केएच ७ ते ९ असावा. पण आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं. केएच दिवसाला एकापेक्षा जास्त हलवू नका. कमी असेल तर सोडा थोडा थोडा, दोन-तीन दिवसांत विभागून घाला. कॅल्शियम आणि सोडा एका वेळी, एका जागी कधीच नाही. आणि जे मोजलेलं नाही, ते पाण्यात घालू नका. मोजमाप रोज एकाच वेळी करा, कारण पहाटे पीएच खाली असतो आणि संध्याकाळी वर, तो फरक आजार नव्हे.

खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर ३५च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवलं म्हणजे ते पस्तिसावरही खरं बोलेल असं नाही. नवं मीठ कालवताना पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी नाही, आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. नवी टाकी असेल तर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा आणू नका. चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल तर गोड्या पाण्याची टाकी लावा.

आता भरण्याच्या पाण्याबद्दल, कारण आपल्या भागात खरा प्रश्न तोच आहे. घरच्या आरओने ९००चा टीडीएस साठ-सत्तरवर येतो. तेवढ्याने भागत नाही. त्याच्यापुढे डीआय रेझिनची नळी जोडली की शून्य मिळतो. वाया जाणारं पाणी मी बादलीत धरतो, ते फरशी पुसायला आणि संडासात जातं. झाडांना देत नाही, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पावसाळ्याचे चार महिने गच्चीवरचं पावसाचं पाणी वापरतो, पहिल्या दोन-तीन सरी सोडून. पत्र्यावरून उतरलेलं घेत नाही, त्यात जस्त उतरतं आणि झिंग्यांना ते सोसत नाही. हीच काळजी मोरचुदातल्या तांब्याची. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर औषध म्हणून तांबं चालतं, पण ते वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत पडलं तर झिंगे आणि गोगलगायी मरतात. शेतातून फवारणी करून आलेला हात धुतल्याशिवाय टाकीत घालू देऊ नका, घरातला कोणाचाही असो.

पंप महिन्यातून एकदा उघडून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवतो. चुना बुडबुडे काढत सुटतो, मग साध्या पाण्याने धुऊन परत लावतो. टाकीच्या मागे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टांगलेला आहे. लाइट गेली की तो आपोआप सुरू होतो. त्याची किंमत एका निमोपेक्षा कमी होती.

वहीत कालची नोंद अशी आहे: खारटपणा ३५, तापमान २७, केएच ८, पीएच सकाळी ८.०, भरणा अडीच लिटर, आरओ-डीआयचं. धाकटा निमो व्यवस्थित खातो. त्याला जोडीदार अजून आणलेला नाही. पावसाळा सुरू झाला आणि हे आकडे महिनाभर असेच राहिले की आणीन.