करवीर यात्रेचे नियोजन : वारणाकाठ ते रंकाळाकाठ

श्रीमहालक्ष्मी अंबाबाईच्या अधिष्ठानाने पावन झालेले करवीर क्षेत्र, म्हणजेच कोल्हापूर, ‘दक्षिण काशी’ या नावाने प्रसिद्ध आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस, पंचगंगेच्या तीरी वसलेल्या या प्राचीन नगरीत रंकाळ्यासारखा विस्तीर्ण तलाव आहे. तिच्या वायव्येस ज्योतिबा व पन्हाळा हे दोन डोंगर पाठराखण करीत उभे आहेत. वारणानगरास येणारे अनेक यात्रेकरू पुढे करवीराची वाट धरतात. वारणानगर ते कोल्हापूर हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. अंतर थोडे असल्याने सर्व दर्शने एका दिवसात उरकण्याकडे कल असतो; परंतु उरकलेली यात्रा मनात टिकत नाही. म्हणून या यात्रेची आखणी कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

भूमीची ओळख

यात्रेस निघण्यापूर्वी त्या भूमीची ठेवण समजून घेणे हितावह असते. वारणानगरच्या दक्षिणेस दिसणारी डोंगररांग ही दोन खोऱ्यांमधील सीमा आहे. तिच्या उत्तर उतारावरचे पाणी वारणेस मिळते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेत जाते. दक्षिण उतारावरचे पाणी कासारी नदीस मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सिद्ध होते आणि नृसिंहवाडीस ती कृष्णेत विलीन होते. एकाच डोंगरावरचा पाऊस असा दोन वाटांनी कृष्णामाईच्या भेटीस जातो. करवीराच्या वाटेवर पदोपदी पाणी भेटते. नद्या, तळी, कुंडे व विहिरी हे या क्षेत्राचे मूळ वैभव होय, हे ध्यानी ठेवून यात्रा केल्यास तिचा अर्थ अधिक उलगडतो.

योग्य काळ

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास सर्वांत सुखकर. शारदीय नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनास अपार गर्दी असते. आश्विन शुद्ध पंचमीस देवीची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते व तेथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. शांत दर्शनाची इच्छा असणाऱ्यांनी हे दिवस वगळावेत; उत्सव अनुभवू इच्छिणाऱ्यांनी निवासाची सोय आधीच करून ठेवावी.

देवीचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोहोचतात. हाच किरणोत्सव होय. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १० व ११ नोव्हेंबर हे त्याचे परंपरेने मानलेले दिवस. पहिल्या दिवशी किरणे देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी वक्षस्थळावर व तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, अशी श्रद्धा आहे. मात्र ढग, धुके किंवा वाटेतील बांधकामे यांमुळे किरणे कधी कमी पोहोचतात. हा योग आपल्या हाती नाही, हे मनाशी ठरवूनच जावे.

ज्योतिबाची मुख्य यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. उंच सासनकाठ्या, गुलालाची उधळण आणि दवण्याचा सुगंध यांनी डोंगर भरून जातो. माघात सुरू होणाऱ्या पाच रविवारच्या खेट्यांना कोल्हापुराहून असंख्य भाविक पायी डोंगर चढतात. एरव्हीही रविवार हा ज्योतिबाचा वार असल्याने वृद्धांसह जाणाऱ्यांनी अन्य वार निवडावा.

जुलै व ऑगस्टमध्ये विशेष सावधगिरी हवी. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले व वाहतूक थांबली. जुलै २०२१ मध्येच पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता. पावसाचा जोर असता यात्रा पुढे ढकलण्यात देवाचा कोप नाही. उलट त्यात सुज्ञपणा आहे.

दोन दिवसांचा यात्राक्रम

*पहिला दिवस : डोंगर.* वारणानगराहून सकाळी लवकर निघून प्रथम वाडी रत्नागिरी येथे श्रीज्योतिबाचे दर्शन घ्यावे. केदारनाथाचे सध्याचे मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधविले. शेजारील केदारेश्वर मंदिर दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये उभारले. अंगावर गुलाल पडणार हे गृहीत धरून साधी वस्त्रे न्यावीत.

दुपारनंतर पन्हाळगड पाहावा. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून नावारूपास आलेला हा किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात छत्रपती शिवाजी महाराज मार्च ते जुलै असे चार महिने येथे होते. एवढा काळ गड कशाच्या बळावर तगला, याचे उत्तर दोन वास्तूंत मिळते : अंबारखान्याच्या प्रचंड धान्यकोठ्या आणि तीन दरवाजाजवळची तीन मजली अंधारबाव. शत्रूला सहज न दिसणारे पाणी, हीच गडाची खरी तटबंदी होती. मुलांना ही विहीर अवश्य दाखवावी. सायंकाळी कोल्हापुरात उतरून मुक्काम करावा.

*दुसरा दिवस : नगर व तलाव.* पहाटे अंबाबाईचे दर्शन घ्यावे. यावेळी गर्दी कमी असते आणि काळ्या पाषाणातील मंदिराचे कोरीवकाम निवांत पाहता येते. परचक्राच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची पुनःप्रतिष्ठापना १७१५ मध्ये झाली. मंदिराभोवतीचे रस्ते अरुंद असल्याने वाहन दूर ठेवून पायी जावे. त्यानंतर पंचगंगा घाट पाहून दुपारी विश्रांती घ्यावी व सायंकाळ रंकाळ्यासाठी राखून ठेवावी.

रंकाळा आणि लुप्त तीर्थे

रंकभैरवाच्या नावावरून रंकाळा हे नाव पडले, असे मानतात. येथे पूर्वी दगडाची खाण होती व भूकंपाने तिच्यात पाणी भरले, अशी परंपरा सांगितली जाते. काठावरच्या नंदीविषयीही एक लोककथा आहे : तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. पाणी चढले की काही अंशी बुडणारा संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस आणि मावळतीचा सूर्य हे दृश्य पाहताना दोन दिवसांचा शीण उतरतो.

परंतु रंकाळा पाहताना एक गोष्ट विसरू नये. करवीरात अशी तळी अनेक होती. कपिलतीर्थ बुजले आणि तेथे मंडई आली. वरुणतीर्थ बुजले, त्याचे गांधी मैदान झाले. देवळाच्या आवारातील मणिकर्णिका कुंडसुद्धा कित्येक वर्षे मातीखाली होते. २०२० नंतरच्या उत्खननात ते पुन्हा प्रकाशात आले. ही तीर्थे कोणा आक्रमकाने नष्ट केली नाहीत. वाढत्या नगराच्या गरजेपुढे ती एकेक करून मागे सरली. रंकाळा मात्र अजून आहे. तो टिकणे नगरवासीयांइतकेच यात्रेकरूंच्याही हाती आहे.

यात्रेकरू व दात्यांनी पाळावयाचे नियम

१. हार, ओटीचे साहित्य व निर्माल्य नदीत किंवा तलावात सोडू नये, निर्माल्यकुंडातच ठेवावे.

२. घरातील जुन्या तसबिरी व भंगलेल्या मूर्ती तीर्थात विसर्जित करण्यासाठी आणू नयेत.

३. ओटी कापडी पिशवीतून न्यावी. काठावर प्लॅस्टिक टाकू नये.

४. तलावात व नदीत साबण लावून स्नान करू नये, कपडे व वाहने धुऊ नयेत.

५. देणगी अधिकृत कार्यालयातच द्यावी व पावती घ्यावी. अन्नदानाइतकेच जलस्थानांच्या स्वच्छतेसाठी दिलेले दानही पुण्यकारक समजावे.

६. वृद्धांसाठी काठी, पाणी व नेहमीची औषधे जवळ ठेवावीत.

उपसंहार

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ उतार, पाण्यात उतरून पार होण्याची जागा, असा आहे. पाणीच उरले नाही तर तीर्थ केवळ नावापुरते उरते. वरुणतीर्थाचे आज तसेच झाले आहे. म्हणून करवीराहून परतताना प्रसाद व कुंकू जसे घरी न्यावे, तसेच आपण काठावर काय ठेवून आलो, याचाही विचार करावा. काठ होता तसा स्वच्छ ठेवून परतणाऱ्याची यात्रा खऱ्या अर्थाने सुफळ संपूर्ण झाली, असे समजावे.

॥ शुभं भवतु ॥