दुर्दिन आणि विषाद : बारामती-इंदापूर परिसरातील रुग्णांच्या निमित्ताने

अमरकोशात ‘दुर्दिन’ या शब्दाचा अर्थ ढगांनी आच्छादलेला दिवस असा दिला आहे. मराठीत हाच शब्द आपण वाईट दिवस, पडता काळ या अर्थाने वापरतो. संहिताकारांना मात्र मूळ अर्थच अभिप्रेत आहे आणि त्यांनी दुर्दिनाची दखल अनेक ठिकाणी घेतली आहे. तमक श्वास मेघ, जल, शीत व पूर्वेकडील वारा यांनी वाढतो, असे चरकाचार्य सांगतात. दूषीविषाचा प्रकोप शीत, वारा आणि दुर्दिन यांत होतो, असे सुश्रुताचार्यांचे म्हणणे आहे. वर्षाऋतूत सिराव्यध करावयाचा तर निरभ्र दिवस निवडावा, ही सूचनाही त्यांचीच. वाग्भटाचार्यांनी तर अतिदुर्दिनी भोजन कसे असावे तेही स्वतंत्रपणे सांगितले आहे : आंबट, खारट व स्निग्ध गुण स्पष्ट जाणवणारे, कोरडे, मधयुक्त आणि पचावयास हलके.

श्वास, सांधे आणि अग्नी यांच्या बाबतीत हे सर्व आपण नित्य व्यवहारात वापरतो. दुर्दिनाच्या मनावरील परिणामाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. गेले तरी ‘हवा बदलली आहे, दोन दिवसांत बरे वाटेल’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. आम्हीही अनेक वर्षे तेच करीत होतो. प्रस्तुत लेख लिहिण्यास आमचीच एक चूक कारण झाली. ती पुढे सांगणारच आहोत. परंतु त्याआधी आभाळाच्या दोन प्रकारांविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे.

तेथील आभाळ

ढगाळ हवा आणि उदास मन हा विषय निघाला की आधुनिक वैद्यकात प्रथम उत्तरेकडील देशांचा उल्लेख होतो. लंडन हे शहर सुमारे साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सकाळी आठच्या सुमारास सूर्य उगवतो व दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. दिवस आठ तासांहूनही थोडा कमी, आणि त्यातही पुष्कळ वेळा ढग. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दर हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात जाणाऱ्या उदासीनतेचे वर्णन करून तिला ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ असे नाव दिले. या रुग्णांत झोप वाढते, अंग जड होते, गोड व पिष्टमय पदार्थ खावेसे वाटतात, वजन वाढते आणि कामात मन लागत नाही. डोळ्याच्या पडद्यावर पडणारा सकाळचा प्रकाश मेंदूतील जैविक घड्याळाला वेळ दाखवीत असतो; तो अपुरा पडला की झोप-जागेचे चक्र मागे सरकते, अशी त्याची एक प्रमुख उपपत्ती आहे.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. म्हणजे मराठी माणसाला त्या आभाळाची ओळख नवी नाही. आता आपल्या तालुक्यांतूनही मुले शिक्षणासाठी तिकडे जातात आणि त्यांचे आईवडील आपल्याकडे येतात. बारामतीच्या एक बाई मुलाचे औषध मागण्यास आमच्याकडे आल्या होत्या. ‘मुलगा सकाळी दहा-अकराशिवाय उठत नाही, सारखं पाव आणि चॉकलेट खातो, फोनवर धड बोलत नाही. अशक्तपणा आला असेल, च्यवनप्राश आणि अश्वगंधा पाठवते,’ असे त्यांचे म्हणणे होते. तंद्रा, निद्राधिक्य, गुरुगात्रता, आलस्य ही चरकांच्या कफज नानात्मज विकारांच्या यादीतील लक्षणे त्यांनी एकामागून एक सांगितली आणि त्यावर बृंहण औषध मागितले! अशा वेळी गुरू, मधुर कल्प पाठविणे म्हणजे कफाला खाऊ घालणे होय.

आम्ही मुलाशी फोनवर बोललो. उठल्यावर तासाभराच्या आत, ढग असले तरी, अर्धा तास घराबाहेर चालावे, असे सांगितले. घरातील दिव्यांचा उजेड शंभर ते पाचशे लक्सपर्यंत असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर सहसा त्याच्या कितीतरी पट प्रकाश मिळतो. हा मुद्दा त्याला चटकन पटला. दिवास्वाप बंद, पाण्यात सुंठ, रात्रीचे जेवण लवकर व हलके. याने पुरेसा फरक न पडल्यास तेथील फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन दहा हजार लक्सच्या प्रकाशोपचाराविषयी विचारावे, असेही सुचविले. पूर्वी कधी उन्मादाचे झटके आलेल्या व्यक्तीने मात्र हा उपचार स्वतःच्या मनाने करू नये. ब्रिटनमधील शासकीय सल्ल्यानुसार शरद व हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावयाचा असतो आणि सावळ्या वर्णाच्या व्यक्तींनी तो वर्षभर करावयाचा असतो. मुलाला ते ठाऊक नव्हते. औषध पाठविले नाही, याचे त्या माउलीला वाईट वाटले.

आपल्याकडील आभाळ

बारामतीचा अक्षांश सुमारे अठरा अंश. येथील सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. प्रकाशाचा दुष्काळ आपल्याकडे नाही. आपल्याकडे दुष्काळ आहे तो पाण्याचा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने जेथे लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तेथे आपल्याकडे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. आषाढात रोज आभाळ भरून येते, वारा सुटतो, भुरभूर होते आणि ढग पूर्वेकडे निघून जातात. खरा पाऊस बहुधा भाद्रपद-आश्विनात, परतीचा. जिराईत पट्ट्यातील माणूस आषाढातील आभाळाकडे आशेने पाहतो. त्या काळात सांधे दुखतात, भूक मंदावते, दमेकरी वाढतात, परंतु मनाची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. (औषधनिर्मात्यांना या दिवसांत वेगळीच चिंता असते. हिंग्वाष्टक, लवणभास्कर यांसारखी लवणयुक्त चूर्णे पाणी धरतात. ती आषाढापूर्वीच लहान, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून ठेवावीत.)

मनाची तक्रार येते ती कार्तिक-मार्गशीर्षातील आभाळाने. नीरा डावा कालवा आणि उजनीचे पाणी यांवर आपल्याकडे ऊस, द्राक्ष, डाळिंब उभे राहिले. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यात असते त्याच सुमारास चार-आठ दिवस मळभ राहिले की डावणी येते, भुरी येते, घडांची गळ आणि कूज होते. डाळिंबावर तेल्या, कांद्यावर करपा. वर्षभराची गुंतवणूक आणि सोसायटीचे कर्ज त्या आठ दिवसांवर तोललेले असते. फवारणी करून घरी यावे आणि रात्री शिंतोडे पडून ती धुऊन जावी, हा अनुभव सलग तीन-चार वेळा घेतलेला माणूस आपल्याकडे येतो तो ‘गॅस झालाय’ असे सांगत.

काळाचे अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग चरकांनी सांगितले आहेत. ब्रिटनमधील हिवाळी आभाळ हा, आमच्या मते, तेथील ऋतूचाच अतियोग होय. आपल्याकडील मार्गशीर्षातील आभाळ हा मिथ्यायोग. हेमंतात वर्षेची लक्षणे. आणि परिणामही निराळा. चरकांच्या वातज नानात्मज विकारांत विषाद, अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व ही तिन्ही लक्षणे आहेत. आपल्या शेतकरी रुग्णाचे चित्र नेमके तेच असते. त्याला झोप जास्त होत नाही, ती येतच नाही. तो खात नाही, वजन उतरते, हाताला चाळा लागतो, बोलता बोलता विषय सुटतो. ढग तेच, परंतु एकीकडे कफाने जड झालेले मन आणि दुसरीकडे वाताने हेलकावणारे. पहिल्याला रूक्ष, तीक्ष्ण, चालावयास लावणारी चिकित्सा; दुसऱ्याला कोमट तीळतेलाचा अभ्यंग, वेळेवर गरम व सस्नेह जेवण, ब्राह्मी-जटामांसीसारखी द्रव्ये आणि सत्त्वावजय. उलटसुलट झाले तर दोघांचेही नुकसान.

आमची चूक

काही वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात इंदापूर तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार आमच्याकडे आले. वय चाळिशीचे. आठवडाभर मळभ होते. भूक नाही, पोट फुगते, झोप लागत नाही, या तक्रारी. त्या दिवशी ओपीडीत अशाच तक्रारींचे बरेच रुग्ण होते. आम्ही अग्निमांद्य मानून हिंग्वाष्टक दिले आणि झोपेसाठी सर्पगंधायुक्त गोळ्या लिहिल्या. पाच मिनिटांत काम संपले.

दहा दिवसांनी ते पुन्हा आले. तोवर आभाळ स्वच्छ झाले होते, ऊन पडले होते, इतर रुग्णांच्या तक्रारी मावळल्या होत्या. हे मात्र अधिकच खाली गेलेले. तपासून ते बाहेर गेल्यावर त्यांची पत्नी दारात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, हे रातचं तीन-तीनदा उठून आभाळ बघत्यात. आता ढग न्हाईत, तरी बघत्यात.’

एवढ्या एका वाक्याने आमचे निदान चुकल्याचे आमच्या लक्षात आले. आम्ही त्यांना परत आत बोलाविले आणि इतके दिवस जे विचारण्याचे धाडस केले नव्हते ते सरळ विचारले, की जीव नकोसा होतो का, काही करून घ्यावे असे मनात येते का. ते बराच वेळ खाली पाहत बसले आणि म्हणाले, ‘दोनदा आलं मनात.’ फवारणीची औषधे घरातच, झोपण्याच्या खोलीशेजारी ठेवलेली होती. आम्ही सर्पगंधा तत्काळ थांबविली. त्यांच्या भावाला फोन करून बोलावले. ती औषधे त्याच सायंकाळी भावाच्या घरी, कुलपात गेली. दुसऱ्या दिवशी बारामतीतील मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही स्वतः त्यांच्यासोबत गेलो. त्यांची औषधे सुरू झाली. आमच्याकडे अभ्यंग व आहार एवढेच राहिले.

सर्पगंधेविषयी औषध दुकानदार बंधूंना विशेष विनंती आहे. या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग जगासमोर ठळकपणे मांडला तो मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ साली. पुढे तिच्यातील रेसर्पिन वेगळे केले गेले आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र विषाद उत्पन्न झाल्याच्या नोंदी आल्या. अलीकडच्या फेरतपासणीत त्या नोंदींच्या भक्कमपणाविषयी मतभेद आहेत. तरीही विषादाचा पूर्वेतिहास असणाऱ्यास रेसर्पिन देऊ नये, ही सूचना कायम आहे. झोपेच्या अनेक पेटंट गोळ्यांत सर्पगंधा असते. ढगाळ आठवड्यात ‘झोपेची साधी आयुर्वेदिक गोळी द्या’ म्हणत शेतकरी काउंटरवर आला, तर लेबल वाचल्याशिवाय गोळी देऊ नये आणि त्याला वैद्याकडे पाठवावे. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपणच पसरविले आहे. ते आपणच आवरले पाहिजे. अश्वगंधाही निर्धोक समजून सर्रास देऊ नये. थायरॉइडची किंवा झोपेची औषधे चालू असणाऱ्यांत, तसेच यकृतविकारात ती विचारपूर्वकच द्यावी.

काय विचारावे

चरकांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. विषाद शोधावयाचा तर विचारणे भाग आहे. उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक काळ आहे का? आभाळ उघडल्यावर मन उघडले का? हा दुसरा प्रश्न आम्हाला सर्वांत उपयोगी ठरला. हवेने आलेली मरगळ ऊन पडताच दोन-चार दिवसांत ओसरते. जी ओसरत नाही तिला हवेच्या नावावर टाकू नये. मग जीव देण्याच्या विचाराविषयी स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात रुजतो, ही समजूत खरी नाही. उलट बहुतेकांना कोणी तरी विचारले म्हणून मोकळे वाटते. होकार आला तर रुग्णाला एकटे सोडू नये, कीटकनाशके घरातून हलवावीत आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट त्याच दिवशी ठरवावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक दुकानाच्या काउंटरवर, वजनकाट्याशेजारी लावावा, म्हणजे न विचारताही दिसेल. चालू असलेली मानसरोगाची औषधे आपल्या सल्ल्याने कोणी बंद करणार नाही, याची काळजी घ्यावी.

कायद्याविषयी रुग्णाच्या नातेवाइकांच्या मनात अजूनही भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करावयाची नसते. हे त्यांना सांगितले की लपवालपवी कमी होते.

ते बागायतदार आजही येतात. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात आभाळ आले तेव्हा तिसऱ्याच दिवशी ते आले आणि तक्रार विचारण्याआधीच म्हणाले, ‘झोप अजून हाय, पण आलो.’ आमच्या केसपेपरवर आता अग्नी, कोष्ठ आणि निद्रा यांच्या खाली आणखी दोन रकाने आहेत : पीक कोणते, आणि सध्या कोणत्या अवस्थेत.