वाढत्या अंगाचे कपडे : मुलांचा गणवेश कसा निवडावा?



जून जवळ आला की केजच्या कापड दुकानात आणि शिंप्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, "जरा वाढत्या अंगाचं द्या." मीही हे वाक्य कितीदा तरी बोलले आहे. पण माझ्या तिसरीच्या वर्गातल्या दोन मुलांनी मला त्याचा विचार करायला लावला.

एक मुलगा हुशार, चपळ. पण पळताना, फळ्यावर लिहिताना त्याचा डावा हात कायम कमरेवर. चड्डी दोन मापं मोठी होती आणि करदोड्यात अडकवलेली होती. दुसरी एक मुलगी खो-खोच्या तासाला "पोट दुखतंय" म्हणून बसून राहायची. मी तिला दोनदा रागावले. नंतर तिच्या आईकडून कळलं की, मागच्या वर्षीचा कुडता काखेत काचत होता. एकदा वाकताना तो उसवला आणि मुलं हसली, तेव्हापासून ती खेळायला उठत नव्हती. मी तिला आळशी समजत होते. चूक माझी होती.

म्हणून आजचा विषय : रोजच्या वापराचा कपडा अंगाला सुखाचा आणि दिसायला शोभणारा कसा असावा?

मूल वर्षात किती वाढतं?

प्राथमिक वयात मुलाची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढते. म्हणजे दोन इंचांच्या आसपास. ही वाढ पाय आणि धड यांत वाटली जाते. मग पँटची लांबी चार इंच जास्त कशाला हवी? खालच्या दुमडीत दोन इंच कापड ठेवलं तरी वर्ष सहज निघतं. खांदे तर फारच हळू वाढतात. म्हणून कपडा सगळीकडून मोठा घेऊ नका. जिथे वाढ होते तिथेच जागा ठेवा.

माप घेताना

१. टेप अंगाला लागू द्या, पण आवळू नका. मुलाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्या.
२. शर्ट किंवा कुडत्यासाठी छातीच्या मापात ३ ते ४ इंच सैलपणा धरा.
३. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावरच यावी. ती दंडावर उतरली की कपडा मागून आणलेला दिसतो. नीटनेटकेपणा निम्मा तिथेच ठरतो.
४. मुंढा काखेत काचू नये. अंग सैल असूनही मुंढा घट्ट असेल तर हात वर जात नाही.
५. पँट-सलवारीचं माप उभं राहून घेतलं तरी आसन बसून तपासा. आपली मुलं दिवसभर मांडी घालून बसतात.

आकार कोणता?

अंगाने भरलेल्या मुलाला सरळ कापाचा शर्ट बरा दिसतो. घट्ट शर्टात बटणं ताणतात आणि फार ढगळ शर्टात मूल आणखी मोठं दिसतं. बारीक मुलाला खांद्यात बसणारा आणि बाही कोपराच्या थोडी वर असलेला शर्ट शोभतो. मुलींच्या कुडत्याला खाली थोडा घेर किंवा बाजूला काप असावा, म्हणजे पळताना पाय अडकत नाहीत. आणि मुलींच्या कपड्याला खिसा हवाच! पेन्सिल आणि रुमाल त्यांच्याकडेही असतो. कमरेला अर्धं इलॅस्टिक, अर्धी पट्टी असेल तर लहान मुलांना शौचालयात स्वतःचं स्वतः उरकता येतं.

कापडाचंही बघा. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. सुती किंवा सुती जास्त असलेलं कापड घाम टिपतं. पण सुती कापड आटतं, म्हणून शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा.

घरी करायची पाच मिनिटांची चाचणी

नवा कपडा घालून मुलाला सांगा : दोन्ही हात वर कर, मांडी घालून बस, वाकून पायाचे अंगठे धर, दहा पावलं पळ, बटणं स्वतः लाव. यात कुठे कपडा वर सरकला, काचला किंवा हाताने धरावा लागला, तर तो परत शिंप्याकडे न्या.

वर्गातील उपक्रम

तिसरी-चौथीला लांबी मोजणं असतंच. जोड्या करून मुलांना एकमेकांची बाही आणि उंची सेंमीमध्ये मोजू द्या. जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा. फरक काढला की वजाबाकीही होते. छाती-कमरेचं माप मात्र वर्गात घेऊ नका आणि आकडे मोठ्याने वाचू नका. जाड-बारीक म्हणून चिडवायला तेवढं निमित्त पुरतं.

समितीत बोला

२०२४-२५ मध्ये राज्यात एकाच रंगाचा गणवेश बचत गटांकडून शिवून देण्याची पद्धत होती. पुढे हा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे मुंढा, खिसा, कापड याविषयी बैठकीत बोलायचा हक्क आयांना आहे. एका गणवेशाला ३०० रुपये मिळतात. त्यात भारी कापड येणार नाही, पण बरोबर माप येऊ शकतं. प्रत्येक मुलाचं माप घेऊनच शिवा, इयत्तेवरून मापं ठरवू नका.

आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलांच्या पिशवीत हाच गणवेश असतो आणि फडावरही तोच रोज घातला जातो. त्यांच्यासाठी तर कपडा टिकणं आणि वाढवता येणं फार महत्त्वाचं आहे.

शिलाईच्या आत पुढे वाढवण्यासाठी जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आपले शिंपी 'माया' म्हणतात. यंदा शिंप्याकडे गेलात तर "वाढत्या अंगाचं द्या" असं म्हणू नका. "मापाचं शिवा आणि आत माया ठेवा," असं सांगा.

ती मुलगी आता खो-खो खेळते. तिच्या आईने कुडत्याच्या काखेत फक्त एक चौकोनी तुकडा जोडला होता.