आधी मियाताच घे

अगं, पहिलीवहिली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आणि जीव माझदा मियाता की होंडा एस२००० यात अडकलाय ना? मग ताईचं जरा ऐक.

आकड्यांत होंडा भारी, वादच नाही. २००० सालच्या गाडीचं दोन लिटरचं इंजिन २४० हॉर्सपॉवर देतं, ९००० आरपीएमपर्यंत चढतं. १९९४ च्या मियाताच्या १.८ लिटरच्या इंजिनात जेमतेम १२८. पण होंडाला खरा जोर येतो तो ६००० च्या पुढे. न्यू जर्सीत रोज ऑफिसला जाता-येता तू तिथवर पोचणार कधी? मियाता साधारण टनभर वजनाची. साध्या वेगातही वळणावर चाकांखाली काय चाललंय ते हाताला कळतं.

आणि हे मनावर घेच. दोन्ही गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. ओल्या वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढलास, की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. सुरुवातीच्या एस२०००मध्ये हे फार झटक्यात होतं. होंडानं २००४ च्या मॉडेलला सस्पेन्शन बदललं, अमेरिकेत २००६ पासून स्टॅबिलिटी कंट्रोलही दिला. जुन्या मियातात तो नाही, पण ती आधी इशारा देते, सावरायला वेळ देते.

घेताना इंजिनाआधी पत्रा बघ, राणी. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यात मियाताच्या कापडी छताचं पाणी वाहून नेणारी भोकं तुंबली, की मागच्या चाकापुढचा, दाराखालचा पत्रा आतून सडतो. तिथं रंग फुगलेला दिसला तर सरळ मागे फिर. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्या टाळ. त्यांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड असल्यानं पुली सैल होऊन क्रँक खराब होतो. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो, त्याची पावती माग. होंडात बेल्टऐवजी चेन आहे, पण सुरुवातीची काही इंजिनं ऑइल पितात. सतत डिपस्टिक बघत राहावं लागतं.

होंडा बरीच महाग पडते. तेव्हा मियाता घे, वाचलेल्या पैशांतून उत्तम टायर घाल आणि ट्रॅकवर शिकवणाऱ्याच्या हाताखाली एक दिवस गाडी चालव. हात बसला की मग होंडाचा विचार कर. आणि हो, गाडी बघायला एकटी जाऊ नकोस. ओळखीचा मेकॅनिक बरोबर ने.