डिबगर भलतीच फाइल उघडतो तेव्हा

वाङ्मय मंडळाच्या अंकात संगणकाचा धडा कशाला, असं कुणी विचारेल. पण हा प्रश्न मुळात पाठभेदाचा आहे, आणि पाठभेद हा तर आपल्याच अभ्यासाचा विषय.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. ते 1616 साली छापलं गेलं, पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. या जुन्या छापील आवृत्त्या आज मिळत नाहीत. 1907 साली सालढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीत जी आवृत्ती काढली, ती हस्तलिखितांच्या आधारे. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे. त्यातली शब्दरचना अनेक ठिकाणी वेगळी आहे. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली. ग्रंथाचं नाव एकच, पण प्रती अनेक. म्हणून नुसता अवस्वरू आणि ओवी यांचा क्रमांक देऊन भागत नाही, ‘कोणत्या प्रतीतली ओवी?’ हेही सांगावं लागतं.

डिबगरला आपण हाच प्रश्न विचारायला विसरतो.

मुळात घडतं काय?

सी किंवा सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम ‘-जी’ हा पर्याय देऊन कंपाइल केला, की कंपायलर तयार प्रोग्रॅमसोबत एक नोंदवही ठेवतो. यंत्राची अमुक आज्ञा कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली, हे तीत लिहिलेलं असतं. लक्षात घ्या, सहसा त्या वहीत फाइलचा मजकूर नसतो. असतो तो फक्त पत्ता आणि ओळ क्रमांक. प्रोग्रॅम थांबला की डिबगर त्या पत्त्यावर जातो आणि *आज* तिथे जी फाइल असेल ती उघडून दाखवतो. मधल्या काळात तिथला मजकूर बदलला असेल, तरी ओळ क्रमांक जुनाच.

म्हणजे डिबगर खोटं बोलत नाही. आपण दिलेल्या जुन्या पत्त्यावर तो इमानाने जातो.

चूक कुठे कुठे होते?

पहिलं कारण सर्वांत साधं: फाइल बदलली, पण प्रोग्रॅम पुन्हा बांधला नाही. मग बाण रिकाम्या ओळीवर किंवा टिपणीवर येऊन थांबतो. ‘सोर्स फाइल प्रोग्रॅमपेक्षा नवी आहे’ अशा अर्थाचा इशारा जीडीबी देतो. आपण तो वाचत नाही, एवढंच.

दुसरं: फोल्डरची नक्कल. प्रोजेक्ट ‘डाउनलोड्स’मध्ये बांधला, मग सगळा फोल्डर उचलून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये चिकटवला. नोंदवहीत पत्ता अजून ‘डाउनलोड्स’चाच आहे आणि जुनी प्रत तिथे जिवंत आहे. डिबगर ती उघडतो, आपण तिच्यातच दुरुस्ती करतो, आणि निकाल काही बदलत नाही.

तिसरं: एकाच नावाच्या दोन फाइली. महाराष्ट्रात नुसतं ‘वडगाव’ म्हणून चालत नाही. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक असं सांगावं लागतं. तसंच ‘युटिल.सी’चं. दोन फोल्डरांत त्याच नावाची फाइल असेल, तर नुसत्या नावाने ब्रेकपॉइंट लावू नका, फोल्डरसकट नाव द्या.

चौथं जावाचं. क्लास फाइलमध्ये सोर्स फाइलचं फक्त नाव असतं, पूर्ण पत्ता नसतो. एक्लिप्ससारखं साधन पॅकेजचं नाव धरून आपल्या यादीतल्या जागा क्रमाने शोधतं आणि पहिली सापडेल ती फाइल उघडतं. लायब्ररीची जार एका आवृत्तीची आणि सोर्स दुसऱ्या आवृत्तीचा, असं झालं की ओळी जुळत नाहीत.

शोध कसा घ्यावा?

पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप अर्थात रोमन अक्षरांतच करायच्या.

1. आधी डिबगरलाच विचारा. जीडीबीमध्ये प्रोग्रॅम थांबलेला असताना ‘इन्फो सोर्स’ म्हणा. चालू फाइलचं नाव, ती कुठे सापडली आणि कंपाइल कोणत्या फोल्डरमध्ये झालं, हे तो सांगतो. आपण एडिटरमध्ये उघडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता त्याच्याशी ताडून पाहा.

2. कोणता प्रोग्रॅम चालतोय ते पाहा. ‘इन्फो फाइल्स’ने त्याचा पत्ता कळतो. त्या फाइलची तारीख-वेळ तपासा. कालची असेल, तर आजची दुरुस्ती तिच्यात नाही.

3. तरी शंका राहिली तर हुकमी परीक्षा: संशयित फाइलमध्ये मुद्दाम एक निरर्थक शब्द टाका आणि सगळं साफ करून पुन्हा बांधा. कंपायलरने तक्रार केली नाही, तर ही फाइल प्रोग्रॅममध्ये जातच नाही. परीक्षा झाली की तो शब्द काढून टाका.

4. सोर्स आपल्याच हातात असेल, तर नव्या जागी साफ करून पुन्हा बांधणं हाच उत्तम उपाय. ते शक्य नसेल तर ‘सेट सब्स्टिट्यूट-पाथ’ लिहून पुढे जुना आणि नवा पत्ता द्या. बरेच जण इथे ‘डिरेक्टरी’ ही आज्ञा वापरतात. पण नोंदवहीत पूर्ण पत्ता असेल आणि तिथे जुनी प्रत अजून असेल, तर जीडीबीला तीच आधी सापडते. म्हणून पत्ता बदलणारी आज्ञाच हवी.

5. व्हिज्युअल स्टुडिओ फाइलच्या मजकुराची खूण तपासतो आणि फाइल मूळ प्रतीशी जुळत नसेल तर तसं सांगतो. ही तपासणी बंद करण्याची सोय आहे, पण ती वापरू नका. पहारेकऱ्याला झोपवून चोरी थांबत नाही.

एक सावधगिरी. फाइल बरोबर आहे, पण बाण पुढे-मागे उड्या मारतो, असंही होतं. तो पाठभेद नव्हे. कंपायलरने वेगासाठी आज्ञांचा क्रम बदललेला असतो. ऑप्टिमायझेशन बंद करून, म्हणजे ‘-ओ-शून्य’ देऊन, पुन्हा बांधा.

एवढी काळजी कशासाठी?

प्रॅक्टिकल परीक्षेत वेळ मोजका असतो. चुकीच्या फाइलमध्ये तासभर घालवणारा विद्यार्थी तर्कात कमी नसतो. तर्क बरोबर, पण मजकूर दुसराच. उद्या यातले काही जण सिल्वासा-वापीच्या कारखान्यांत यंत्रांचे प्रोग्रॅम सांभाळतील. तिथे जुन्या प्रतीवर केलेली दुरुस्ती म्हणजे यंत्रात तोच दोष कायम, आणि कागदावर मात्र ‘दुरुस्त केला’ अशी नोंद.

म्हणून सवय लावून घ्या. प्रोजेक्टची एकच प्रत कामाची ठेवा. जुन्या नकलांचे फोल्डर दाबून बंद करा किंवा गिटमध्ये इतिहास ठेवून त्या काढून टाका. प्रोग्रॅम कुणाला देताना तो कोणत्या कमिटवरून बांधला, ते सोबत लिहा. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही अनेक प्रतींतले पाठ बिघडलेले दिसल्यामुळेच. अर्थ लावायला बसण्याआधी पाठ पक्का करायचा, ही शिस्त मराठीत चारशे वर्षांहून जुनी आहे. संगणकासमोर बसल्यावर ती सोडायचं काही कारण नाही.