गार डोंगरावरची तापलेली गाडी

मुलुंडचे एक कुटुंब शनिवार-रविवारी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर घेऊन लोणावळ्याला निघाले आहे. सोबत कुत्राही आहे. लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर. दर १००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणजे उंचीमुळे सुमारे ४ अंशांचा गारवा. मग कुत्र्याला बंद गाडीत ठेवून फिरायला जावे काय?

मुळीच नाही! ऊन काचेतून आत शिरते, आसने तापतात आणि तापलेली हवा आतच कोंडते. उन्हात उभ्या गाडीतील तापमान तासाभरात २० अंशांनी वाढू शकते. बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो; जिभेवरील पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. कोंडलेल्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही. त्याच्या शरीराचे तापमान ४१ अंशांपुढे गेले, की जीव धोक्यात येतो.

करून पाहा : उन्हातल्या रिकाम्या गाडीत एक तापमापी ठेवा, दुसरा बाहेर सावलीत. दर पाच मिनिटांनी नोंदी घेऊन आलेख काढा. कुत्र्याला गाडीत का ठेवू नये, हे तो आलेखच सांगेल.